पक्ष म्हणजे पार्टी

सकाळी मागचं दार उघडलं तर गल्लीतून द्राक्षांचा वास आला. आंबट, थोडा कुजका, थोडा ओल्या लाकडाचा. शेजारच्या इटालियन घरात आता नातवंडांचं राज्य आहे, पण सप्टेंबर सरत आला की त्यांच्या गॅरेजचं दार अजूनही अर्धं वर जातं आणि आत वाइनसाठी द्राक्षं चिरडायला घेतात. नील, ईशा, तुमच्या मेलबर्नमध्ये या दिवसांत झाडांना पालवी फुटते. इथं कॅनडात, हॅमिल्टनमध्ये उलटं. दारातल्या मेपलची रस्त्याकडची एकच फांदी लाल झाली आहे, बाकीचं झाड अजून विचार करतंय.

वास आला आणि मी हातात कचऱ्याची पिशवी घेऊन जिथल्या तिथे उभी राहिले. डोळ्यांपुढे एक भरलेलं ताट आलं. लाल भोपळ्याची भाजी, कढी, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, तांदळाची खीर. या वासाच्याच दिवसांत आपल्याकडे पितृपक्ष येतो, आणि एका वर्षीचा पितृपक्ष माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी क्रमानं सांगायचं ठरवून बसले आहे. पण वास क्रमानं येत नाहीत, तेव्हा मध्येच मागेपुढे झालं तर तुमच्या आईकडून समजावून घ्या. ती त्या वेळी सहा वर्षांची होती, आणि जे झालं ते खरं तर तिनंच घडवलं. तिला विचारलंत तर म्हणेल, मला काही आठवत नाही.

काल संध्याकाळी टीव्हीवर सीमेपलीकडच्या, अमेरिकेच्या निवडणुकीची चर्चा चालली होती. त्यांची कुठली तरी लांबची लढाई पुन्हा लांबली आहे. निवेदिकेच्या मागे रंगीत खांब उभे होते, जनमताचे. हा खांब वर गेला, तो खाली आला. असे खांब पाहिले की मला त्यात एक माणूस दिसतो. टोपी काढून हातात धरलेला, आमच्या दारात उभा, आत यावं की नाही या विचारात. जनमत म्हणतात ते मी एकदा इतक्या जवळून पाहिलं आहे, की जेवताना ते कसा आवाज करतं तेही मला ठाऊक आहे.

साठीचं दशक संपता संपता आम्ही या गावात आलो. तुमच्या आजोबांना, म्हणजे आबांना, पोलादाच्या कारखान्यात प्रयोगशाळेचं काम मिळालं होतं. मी कोल्हापूरला मुलींना इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे भाषेची भीती नव्हती. पण इथं आल्यावर कळलं की मला पुस्तकातलं इंग्रजी येतं, दुकानातलं येत नाही. गावाच्या पाठीशी एक लांबलचक कडा आहे, त्याला इथले लोक अभिमानानं ‘माउंटन’ म्हणतात. आबा साताऱ्याकडचे. ते त्या कड्याकडे बघत आणि सभ्यपणानं गप्प बसत. संध्याकाळी भट्ट्यांच्या बाजूचं आभाळ तांबडं व्हायचं, आणि खिडकीच्या चौकटीवर रोज बारीक काळी धूळ बसायची. मी ती रोज पुसायची. धूळ माझ्यापेक्षा चिकाटीची होती.

आबांना कॅनडाच्या राजकारणात फारसा रस नव्हता, अमेरिकेच्या मात्र अतोनात. कारण आमचा अँटेना. छपरावरची ती काडी सीमेपलीकडच्या बफेलो शहराची स्टेशनं पकडायची, म्हणून आमच्या बैठकीत रोज संध्याकाळी अमेरिकेच्या बातम्या आणि त्यांची व्हिएतनामची लढाई येऊन बसायची. बफेलोला आबा म्हसवड म्हणत. म्हशीवरून साताऱ्याच्या माणसाला दुसरं काय सुचणार. ‘म्हसवडला उद्या बर्फ सांगितलाय,’ असं ते अगदी गंभीरपणे म्हणायचे.

पक्षांची खरी नावंही त्यांनी कधी घेतली नाहीत. मतपत्रिकेवरचं चित्र बघून शिक्का मारायची आपली सवय. अमेरिकेतल्या एका पक्षाचं चित्र हत्ती, दुसऱ्याचं गाढव. एवढं त्यांना पुरेसं होतं. लढाई वाढवली ती गाढववाल्या अध्यक्षानं. ती मिटवतो म्हणून हत्तीवाला निवडून आला, आणि मिटवता मिटवता वर्षांमागून वर्षं घालवली. मी विचारायची, ‘मग लढाईच्या बाजूचे कोण आणि विरुद्ध कोण?’ आबा म्हणायचे, ‘हत्तींतही दोन्ही आहेत, गाढवांतही. इतकं सोपं असतं तर मी कशाला रोज बघितलं असतं?’

बातम्यांच्या वेळी तुमची आई, म्हणजे आमची वसू, आबांच्या मांडीवर. तिचं मराठी इथंच सुटणार ही मला धास्ती, म्हणून आबा तिला एकेक शब्द शिकवत. अध्यक्ष म्हणजे प्रेसिडेंट. मत म्हणजे व्होट. पक्ष म्हणजे पार्टी.

‘बर्थडे पार्टी?’ वसूनं विचारलं होतं.

‘नाही गं. ही मोठ्या माणसांची पार्टी.’

तिनं मान डोलावली. मुलांनी मान डोलावली की त्यांना कळलं असं आपण समजतो.

आमच्या खाली बेसमेंटमध्ये टॉम नावाचा अमेरिकन मुलगा भाड्यानं राहत होता. विशीतला, उंच. बेसमेंटचं छत बुटकं, त्यामुळे तिथं त्याला मान वाकवूनच वावरावं लागे. वर आमच्या स्वयंपाकघरात आला तरी ती सवयीनं जरा वाकलेलीच असायची. बफेलोचाच. त्याला लढाईवर जायचं फर्मान आलं तेव्हा त्यानं जायचं नाकारलं, आणि एक बॅग घेऊन तो सीमा ओलांडून इकडे आला. परत गेला असता तर तुरुंग. इथं विद्यापीठाच्या बागेत तो गळलेली पानं ओढायचं काम करायचा. सीमेवरच्या अधिकाऱ्यानं शिक्षण, वय, भाषा यांचे गुण लावून त्याला आत घेतलं, आणि त्याच पद्धतीनं आम्हालाही घेतलं होतं. टॉम म्हणायचा, ‘मिसेस एस, आपण एकाच परीक्षेत पास झालोय.’

‘मार्क माझे जास्त आहेत,’ आबा वर्तमानपत्रामागून म्हणायचे.

इथल्या माणसांचं मला तेव्हा फार कौतुक वाटायचं आणि अजून वाटतं. त्यांनी त्याला कधी छळलं नाही, डोक्यावरही घेतलं नाही. तिकडून आलास का? हो. बरं. फावड्यानं बर्फ ओढता येतं का? येतं. झालं, विषय संपला. देशोदेशींच्या लढायांतून उठून आलेल्या माणसांनीच ती गल्ली भरली होती. कुणाला कुणाकडे बोट दाखवायची हौस नव्हती.

टॉमला एक मोठा भाऊ होता, जिम. तो गेला होता लढाईवर. टॉम इकडे आला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात जिम तिकडे मारला गेला. घरात फोन एकच, आमच्या स्वयंपाकघरात. त्यांच्या आईचा, हेलनचा, फोन आला तेव्हा मी जिन्यावरून टॉमला हाक मारली आणि वसूला घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. ‘यस, मॉम,’ एवढंच दोनतीनदा ऐकू आलं. त्याचं घर तासाभराच्या अंतरावर, पण सीमेवरचा पूल ओलांडला असता तर पलीकडेच त्याला धरला असता. भावाला मूठमाती दिली त्या दिवशी टॉमनं आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांपुढचा बर्फ फावड्यानं ओढला. एकामागून एक, न थांबता. कुणी काही विचारलं नाही. इटालियन आजोबांनी बाहेर येऊन त्याच्या हातात वाइनची बाटली ठेवली आणि ते आत गेले.

भाऊ गेला आणि हा मातीला आला नाही, हे टॉमच्या वडिलांनी, वॉल्टरनी, मनात धरलं. का आला नाही ते त्यांना माहीत होतं. तरी धरलं. त्यांनी टॉमशी बोलणं टाकलं.

हेलनला गाडी चालवता येत नसे. म्हणून एका रविवाराआड वॉल्टरच तिला घेऊन यायचे, आणि ती खाली टॉमकडे बसली असेल तितका वेळ आमच्या मेपलखाली गाडीत बसून राहायचे. लांबलचक तपकिरी गाडी, मागच्या बंपरवर हत्तीचं स्टिकर. काचा बंद. ते वर्तमानपत्र वाचायचे, डब्यातलं सँडविच खायचे, आणि पुन्हा तेच वर्तमानपत्र वाचायचे. मी एकदा चहा घेऊन गेले. त्यांनी काच खाली केली, ‘थँक यू मॅम, आय ॲम फाइन,’ म्हणाले आणि काच वर केली. इतक्या सौजन्यानं नाही म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

हेलन निघताना माझ्याशी घटकाभर बोलायची. मी एकदा धीर करून विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘वॉल्टरनं आयुष्यभर गाढवाला मत दिलं. युनियनचा माणूस तो. जिम गेल्यावर हत्तीला चिकटला. म्हणतो, निदान ते तरी म्हणतात की हे सगळं कशासाठी तरी होतं.’

‘आणि तू?’

‘मी रविवारी इथं येते. तेच माझं मत.’

ते उत्तर मी फार दिवस मनात घोळवलं. तोवर मला वाटायचं, मत डोक्यात असतं. चांगला युक्तिवाद केला, बरोबर माहिती दिली, की ते बदलतं. वर्गात मुलींना निबंध शिकवताना मी तसंच शिकवलं होतं. वॉल्टरना माहिती कमी नव्हती. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होती. पण लढाई चुकीची होती असं म्हटलं, तर जिम कशासाठी गेला? हा प्रश्न घेऊन घरी जायचं, त्याच जेवणाच्या टेबलाशी बसायचं, आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं. त्यापेक्षा गाडीत बसणं सोपं असणार.

मग ती शरद ऋतूतली दुपार. आपल्या घरी पक्ष असतो चतुर्दशीला. ज्यांना शस्त्रानं मरण आलं त्यांची ती तिथी. आबांचे एक काका होते, भाऊकाका. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते आणि इटलीत गोळी लागून गेले. साताऱ्याला भटजी असत. इथं आबा स्वतःच आईनं दिलेली पोथी उघडून करायचे. चतुर्दशी खरं तर आदल्या दिवशी होती, पण सुट्टी रविवारची. ‘पितरांना शिफ्ट ड्युटी समजते,’ आबा म्हणाले.

मी सकाळपासून स्वयंपाकात. गवार मिळाली नाही म्हणून इटालियन आजोबांच्या परसातल्या शेंगा घेतल्या; अळूच्या जागी पालक. लाल भोपळे मात्र दुकानाबाहेर डोंगरासारखे रचलेले, इथल्या मुलांच्या भुताच्या सणासाठी. वसू पायात पायात करत होती. मी म्हटलं, ‘वसू, आज आपल्याकडे पक्ष आहे, लुडबुड करू नकोस. बाहेर जाऊन खेळ.’

हेलन येऊन खाली गेली होती. गाडी मेपलखाली होती. थोड्या वेळानं वसू कुठं गेली म्हणून मी पुढच्या दारात आले, तर ती गाडीच्या खिडकीशी टाचा उंचावून उभी, आणि काच खाली केलेली.

‘आमच्याकडे पार्टी आहे,’ ती वॉल्टरना सांगत होती. ‘तुम्ही येऊ शकता.’

‘तुझा वाढदिवस आहे?’

‘नाही. माझ्या ग्रँडअंकलची पार्टी आहे. ते डेड आहेत. ते वॉरमध्ये मेले.’

वॉल्टरनी हातातलं वर्तमानपत्र खाली घेतलं.

‘केक नाहीये,’ वसू प्रामाणिकपणे म्हणाली. ‘खीर आहे. टॉम आहे. तुमची मिसेस पण आहे. सगळे आहेत.’

मी धावतच गेले. इंग्रजीची शिक्षिका मी, आणि मला सांगता येईना. ‘तसली पार्टी नाही,’ मी म्हटलं, ‘ती एक... आमच्या भाषेत एकच शब्द आहे. पक्ष. राजकारणातला पक्ष तोच, एक बाजू तीही पक्ष, आणि वर्षात हा पंधरवडा मेलेल्यांचा, तोही पक्ष. मुलीनं घोटाळा केला. माफ करा.’

‘सैनिक होते?’ त्यांनी विचारलं.

‘हो. माझ्या नवऱ्याचे काका. लढाईत गेलेल्यांसाठी एक दिवस असतो, तो आज.’

‘दरवर्षी?’

‘दरवर्षी.’

त्यांनी टोपी काढली. बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग दार उघडून उतरले, आणि पायरीशी येऊन थांबले. टोपी हातात. ‘माझ्याकडे टाय नाही, मॅम.’

‘माझ्या नवऱ्याच्या अंगात तर शर्टसुद्धा नाही,’ मी म्हटलं. ‘या.’

आबा स्वयंपाकघरात हीटरच्या जाळीशेजारी घोंगडीवर बसले होते. धोतर, जानवं, बाकी उघडे. त्या अवतारात त्यांनी मान वर करून वॉल्टरकडे पाहिलं आणि जणू दर रविवारी हे होतंच अशा आवाजात म्हणाले, ‘बसा. स्टूल घ्या, जमिनीवर गुडघे दुखतील.’ वॉल्टर स्टुलावर बसले. समोर ताटात भाताचे पिंड, काळे तीळ, पाण्याचा तांब्या. ते बघत राहिले. मग एका पिंडाकडे बोट करून म्हणाले, ‘हे?’

‘वडील.’

‘तेही लढाईत?’

‘नाही. ते म्हातारपणानं गेले. लढाईच्या वेळी ते तुरुंगात होते.’

‘काय केलं होतं?’

‘त्याच लढाईच्या विरुद्ध भाषणं. काका इंग्रजांच्या सैन्यात, वडील इंग्रजांच्या तुरुंगात.’

‘सख्खे भाऊ?’

‘सख्खे.’

वॉल्टर टोपी हातात फिरवत होते. ‘आणि त्यांचा बाप? तो कुणाच्या बाजूनं होता?’

आबांनी तीळ चिमटीत घेतले होते, ते तसेच राहिले. ‘आजोबा रोज संध्याकाळी दोघांनाही शिव्या द्यायचे,’ ते म्हणाले, ‘आणि दोघांचीही वाट बघायचे.’

एव्हाना खाली वॉल्टरचा आवाज ऐकून हेलन आणि टॉम जिना चढून वर आले होते. बेसमेंटच्या दारात टॉम मान वाकवून उभा. वॉल्टरनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण उठूनही गेले नाहीत.

आबा म्हणाले, ‘आज घरच्यांशिवाय मित्रांचं, ओळखीच्यांचं नावही घेतात. तुमची हरकत नसेल तर तुमच्या मुलाचं घेतो.’

‘आम्ही चर्चला जातो,’ वॉल्टर म्हणाले.

‘चालेल. नुसतं पाणी आहे.’

‘जेम्स,’ ते म्हणाले. मग खाकरून, ‘जिम.’

नावाआधी गोत्र लागतं. गोत्र माहीत नसेल त्याला काश्यप म्हणायचं अशी आपल्याकडे सोय आहे. म्हणजे जगात कुणीही बिनगोत्राचा राहत नाही. आबांनी काश्यपगोत्री जिमचं नाव घेतलं आणि मग वर न बघता म्हणाले, ‘भाऊ असेल तर त्यानं पाणी द्यावं.’ हा नियम पोथीत आहे की आबांनी तिथल्या तिथे केला, मी पुढे कधी विचारलं नाही. टॉम पुढे आला, घोंगडीच्या कडेला गुडघ्यांवर बसला. आबांनी त्याच्या तळहातावर तीळ ठेवले, पाणी ओतलं आणि अंगठ्याच्या बाजूनं ते कसं सोडायचं ते दाखवलं. पाणी नीट पडलं. भावाच्या मातीला न गेलेला मुलगा तो. वॉल्टर टोपीकडे बघत होते. मी हेलनकडे पाहिलं नाही. काही गोष्टी शेजारणीनंही पाहू नयेत.

बाहेर पायरीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. कावळा आला नाही, इथली काळी खार आली आणि वडा घेऊन पळाली. ‘काळी आहे ना, चालेल,’ आबा म्हणाले. हेलन हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले.

मग जेवायला बसलो, सगळे एकाच टेबलाशी. बाप आणि मुलगा समोरासमोर, मध्ये कढीचं पातेलं. वॉल्टरनी भात कालवला, चमच्यानं एक घास घेतला, अजून एक घेतला. आवाज करत जेवायचे. मग टेबलावर इकडे तिकडे बघितलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, ‘मीठ नाही का?’

श्राद्धाच्या पानात वरून मीठ वाढत नाहीत. मी सांगणार होते, तेवढ्यात टॉम म्हणाला, ‘आज वाढत नाहीत, डॅड. आत घातलेलं असतं.’ सकाळी तो आमच्याकडे डोकावला होता तेव्हा मीच त्याला हे सांगितलं होतं.

हेलनचा चमचा हवेतच थांबला. वॉल्टरनी टॉमकडे पाहिलं, पहिल्यांदाच. ‘हं,’ म्हणाले. आणि पुन्हा जेवायला लागले. खीर त्यांनी दोनदा घेतली.

नील, ईशा, तुम्हाला वाटेल की त्यानंतर सगळं गोड झालं. तसं काही झालं नाही. झालं ते याहून चांगलं. पुढच्या खेपेपासून वॉल्टर आत येऊ लागले, आणि बापलेक भांडू लागले. लढाईवरून, अध्यक्षावरून, हत्ती-गाढवांवरून, माझ्या स्वयंपाकघरात, आवाज चढवून. ‘प्रोफेसरना विचारा,’ वॉल्टर टॉमकडे अंगठा करून म्हणायचे, ‘बागेतली पानं ओढून माणसाला सगळं कळतं.’ टॉम म्हणायचा, ‘पानं निदान रंग बदलला की कबूल करतात, डॅड.’ आबांना तर पर्वणीच. ते दोघांनाही चुकीचं ठरवायचे. मी भांडी जरा जोरात आपटली की तिघेही दोन मिनिटं गप्प. हेलन मला म्हणाली, ‘आमचं घर पुन्हा घरासारखं वाजायला लागलंय.’

मी त्यांच्याकडे बघत शिकले. आम्ही ज्या घरांतून आलो तिथं वडिलांशी मत पटलं नाही तर मुलगा गप्प बसायचा, किंवा घर सोडायचा. भांडून पुन्हा त्याच पातेल्यातून वाढून घेणं मला नवीन होतं. बातम्यांतही तेच दिसायचं. आपल्याच पक्षाच्या अध्यक्षासमोर उभं राहून ‘ही लढाई थांबवा’ म्हणणारी माणसं दोन्ही पक्षांत निघत होती. मतं जातील, खुर्ची जाईल, गावाकडचे जुने मित्र तोंड फिरवतील हे माहीत असून उभी राहत होती. त्या देशानं त्या लढाईत जे केलं त्याचं समर्थन मी करणार नाही, तिकडच्या जळलेल्या गावांची चित्रं आमच्याच बैठकीत रोज दिसत होती. पण आपल्याच घराशी इतकं उघड्यावर, इतकी वर्षं भांडत राहण्याची ताकद मी दुसरीकडे पाहिली नाही. पुढे आणीबाणीच्या दिवसांत भारतातून येणाऱ्या पत्रांमध्ये फक्त हवापाणी आणि लग्नं असायची, तेव्हा मला त्या भांडणाची किंमत जास्त कळली.

आणि त्यातही मला वॉल्टरचं कौतुक अधिक. व्यासपीठावर उभं राहणाऱ्याला निदान टाळ्या मिळतात. वॉल्टरचं मत बदललं ते कुणाला दिसलं नाही. एकदा उन्हाळ्यात मी पाहिलं, बंपरवरचं हत्तीचं स्टिकर खरवडून काढलेलं होतं. त्या जागी गाढव आलं नव्हतं. नुसता गोंदाचा चौकोन, त्याला धूळ चिकटलेली. आबांनी विचारलं, ‘मग आता कुणाला मत?’ वॉल्टर म्हणाले, ‘मतदान गुप्त असतं, डॉक.’ प्रयोगशाळेतला माणूस म्हणून आबांना ते डॉक म्हणायचे. त्या दिवशी मात्र टॉमशी भांडताना मध्येच थांबून ते एवढंच म्हणाले, ‘जिम चांगला मुलगा होता. लढाई चांगली नव्हती. या दोन गोष्टी आहेत.’ आणि कढी वाढून घेतली. टॉमनं वाद पुढे नेला नाही, भात त्यांच्याकडे सरकवला. त्याच्याही शहाणपणाचं मला कौतुक वाटलं. त्या वाक्यापर्यंत यायला त्या माणसाला किती हिवाळे लागले ते टेबलाशी बसलेल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून जनमताचा खांब जरा खाली आला असं कुणी म्हटलं की मी मनात म्हणते, किती घरांतली ही वाक्यं असतील.

लढाई संपली, तरी टॉमला परत जाता येत नव्हतं. हत्तीवाल्यांनी एकदा माफीचं दार किलकिलं केलं होतं, पण आत जाताना मान खाली घालायची अट होती. टॉमनं नाही म्हटलं. मग एका जानेवारीत नवा गाढववाला अध्यक्ष खुर्चीवर बसला, आणि बसल्या बसल्या त्यानं फर्मान नाकारलेल्या मुलांना सरसकट माफ केलं. आबांनी मला हाका मारून टीव्हीपाशी बोलावलं. खाली टॉमचा दिवा लागलेला होता, पण तो वर आला नाही. आम्हीही गेलो नाही. आणि त्याच सुमारास म्हसवडवर असं हिमवादळ कोसळलं की गाड्या गाडल्या गेल्या, रस्ते आणि पूल बंद. हेलन फोनवर म्हणाली, ‘सरकारनं सोडलं, आता हवामान अडून बसलंय.’

मार्चमध्ये रस्ते मोकळे झाले. वॉल्टर एकटेच आले, टॉमला न्यायला. टॉमला राहायला जायचं नव्हतं, त्याचं काम, त्याची माणसं आता इथं होती. पण जिमला जिथं पुरलं ती जागा त्यानं अजून पाहिली नव्हती. मी डब्यात पोळ्या दिल्या. वाटेत खाताना दोघांनी भांडू नये म्हणून दोन डबे दिले. गाडी गेली, आणि पुढचं मला हेलननं संध्याकाळी फोनवर सांगितलं. ती अर्थात इंग्रजीतच सांगत होती, पण माझ्या कानांनी ते मराठीत ऐकलं, आणि तसंच तुम्हाला सांगते.

पुलापलीकडच्या चौकीवर अधिकाऱ्यानं गाडीत डोकावून नेहमीचा प्रश्न विचारला. कॅनडातून काय घेऊन आलात?

‘माझा मुलगा,’ वॉल्टर म्हणाले.

अधिकारी तरुण होता. त्यानं टॉमचे कागद पाहिले, टॉमकडे पाहिलं, मागची रिकामी सीट पाहिली.

‘एवढंच?’

‘एवढाच,’ वॉल्टर म्हणाले.